सोडून दिलेला मासा

फराळाचे ताट पुढे असताना माशाची गोष्ट काढतो आहे, वाचकांनी क्षमा करावी. पण ह्या गोष्टीतला मासा कुणी खात नाही. माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

कांद्याच्या गावात जन्म गेल्यामुळे कोणत्याही उद्योगात ‘पदरात काय पडते?’ हे विचारण्याची मला खोडच जडली आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ राहणारा माझा भाचा गेल्या डिसेंबरात लासलगावी आला आणि आपला छंद सांगू लागला, तेव्हा मी सवयीने तेच विचारले.

“काही नाही, मामा,” तो म्हणाला.

ऐन हिवाळ्यात पहाटे खाऱ्या पाण्यात मांडीभर उभे राहायचे. हाती लांब लवचिक काठी, दोर, आणि टोकाला गळावर पिसे बांधून केलेली खोटी माशी. ती फेकायची, ओढायची, पुन्हा फेकायची. हे सारे स्टीलहेड नावाच्या माशासाठी. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीकडे परततो. वाटेत किनाऱ्यालगत क्षणभर येतो, तेवढीच संधी. हजार वेळा फेकावे तेव्हा एकदा लागतो, अशी त्याची ख्याती.

“आणि लागला की?”

“सोडून देतो.”

त्या भागातला जंगली स्टीलहेड इतका घटला, की २००७ साली तिथल्या सरकारने त्याला संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. माणसाने वाढवून सोडलेल्या माशाचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो. पर शाबूत दिसला, की मासा पाण्यातच मोकळा करायचा.

मला एकदम माझी आई आठवली. लहानपणी गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याखाली, मी एकदा गांडूळ लावून वाम पकडली होती. आई माळकरी, मासा घरी नेणे शक्यच नव्हते. मी तो सोडून दिला आणि आपल्या दयाळूपणाची कथा मोठ्या ऐटीत घरी सांगितली. आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, “खायचा नव्हता, तर त्याच्या तोंडात काटा कशाला घातलास?”

साठ वर्षे झाली, ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. नदीकाठच्या भोयाचा हिशेब सरळ असतो. त्याने एक जीव घेतला, त्यावर चार जीव जगवले. माझा हिशेब काय? आधी इजा करायची आणि मग सोडल्याचे पुण्य आपल्या खात्यावर मांडायचे! सोडण्यातल्या दयेची किंमत मासा भरत होता.

हे सगळे मी भाच्याला सुनावले. तो रागावला नाही. म्हणाला, “मामा, त्या पाण्यात उभा राहिलो नसतो, तर मासा कमी होतोय हे मला कळलंच नसतं. आता मी गळाचं टोक कापून टाकतो. मासा झटका देतो नि निघून जातो.”

“मग मासा लागतच नाही! उभा कशाला राहतोस?”

“तो आला होता, एवढं कळावं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नांदूर मध्यमेश्वरला गेलो. निफाडची थंडी अंगाला झोंबत होती. १९८६पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे. २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान त्याला मिळाला. आमच्या हाती फक्त दुर्बीण होती. धुक्यात बदके तरंगत होती. एवढ्यात काठाशी एका माशाने उसळी घेतली, चकाकला आणि गेला.

माझी मूठ आपोआप आवळली गेली. काठी धरावी तशी! साठ वर्षांत प्रश्न सुटला नव्हता, तशी हौसही सुटली नव्हती. भाच्याने ते पाहिले असावे. पण तो बोलला नाही. मी हळूच मूठ उघडली. आईला सांगण्यासारखे उत्तर अजूनही तिच्यात नव्हते. निदान गळही नव्हता.