नामसादृश्य आणि कर्तृत्वाचा न्याय

एका नांवाचीं दोन माणसें असणें हा व्यवहारांत किरकोळ घोटाळा होय. एकाचें पत्र दुसऱ्याच्या घरीं गेलें, तर तें परत करतां येतें. परंतु वाङ्मयांत एकाचें कवित्व दुसऱ्याच्या नांवावर चढलें, तर तें परत येण्यास शतकें लागतात, आणि पुष्कळदां तें येतही नाहीं. अशा प्रसंगीं अन्याय कोणावर होतो व तो दूर करण्याचा भार कोणावर आहे, हा प्रश्न केवळ संशोधकांचा नसून नीतीचाही आहे, असें आम्हांस वाटतें.

नामदेवांचेंच उदाहरण घेऊं. ज्ञानेश्वरांचे समकालीन संत नामदेव (1270–1350) आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाभारतावर ओवीबद्ध रचना करणारा विष्णुदास नामा, या दोघांमध्यें दोन शतकांहून अधिक अंतर आहे. तरी विष्णुदास नाम्याचे कित्येक अभंग नामदेवांच्या गाथेंत मिसळून गेले. याचें कारण उघड आहे. अभंगाचा कर्ता ओळखावयाचा तो शेवटच्या चरणांतील नाममुद्रेवरून. दोघांचीही मुद्रा 'नामा'. आणि 'विष्णुदास' म्हणजे विष्णूचा दास, हें विशेषण नामदेवांनाही शोभणारेंच. अभंग कीर्तनकारांच्या मुखीं व वारकऱ्यांच्या वह्यांत फिरत होते. तेथें शक कोण विचारणार? शिखांचा आदिग्रंथ 1604 सालीं सिद्ध झाला, म्हणून त्यांतील नामदेवांच्या नांवाचीं 61 पदें एका जागीं स्थिर राहिलीं. मराठी गाथेस असें कुंपण फार उशिरां लाभलें.

यावर भाविक म्हणेल, "अभंग विठ्ठलाचा, कर्ता कोणताही नामा असो, त्यानें काय बिघडतें?" हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. ज्यानें अहंकार टाकण्यासाठींच स्वतःस दास म्हणवून घेतलें, त्याच्या वतीनें आपण हक्काचा दावा लावावा, हें विचित्र दिसतें खरें. पण कवीनें आपला मोठेपणा विसरणें हा त्याचा त्याग होय. आपण त्याला विसरणें हा आपला आळस होय, आणि त्या आळसावर त्याच्या नम्रतेचें पांघरूण घालणें बरें नव्हे. शिवाय त्याला नांव मुळींच नको असतें, तर त्यानें मुद्रा घातलीच नसती.

नुकसान थोरल्याचेंही होतें. नामदेवांच्या तोंडीं त्यांच्यामागून आलेली भाषा घातली गेली, म्हणजे त्यांच्या अस्सल अभंगांकडेही लोक संशयानें पाहूं लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनांवाच्या लेखकानें 'सुधारक' पत्रांत, ज्ञानेश्वरीचा कर्ता व अभंगांचा कर्ता हे भिन्न पुरुष होत, असा पक्ष मांडला, तेव्हां मोठा वाद माजला. तो पक्ष बहुतेकांनीं मान्य केला नाहीं. परंतु अशा शंकेस श्रद्धेनेंही पुराव्यानेंच उत्तर द्यावें लागतें, हें त्या वादानें दाखविलें.

आमच्या मतें येथें खरी परीक्षा वाचकाची आहे. आज आवडीनें म्हटलेला अभंग उद्यां धाकट्या नाम्याचा ठरला, तर त्याची गोडी कमी व्हावी काय? कमी झाली, तर आपलें प्रेम अभंगावर नसून नांवावर होतें, असेंच म्हणावें लागेल. न झाली, तर ज्याचें त्याला देण्यास आपणांस कसली अडचण आहे? थोरल्याच्या भांडारांत त्यानें कांहीं उणें पडत नाहीं. धाकट्यास मात्र त्याचें स्वतःचें परत मिळतें.