जमीन कोणाची, घर कोणाचे?



घरकुल मंजूर होते, पण पाया घालायला स्वतःची जागा नसते. भूमिहीन मजुराची ही अडचण आपल्या धनज परिसराला नवी नाही. उलट, आपल्यापैकी काहींच्या घरामागे परस मोकळे पडलेले असते. दोन खोल्या तिथे सहज निघतील. मग आपण का कचरतो?

'आज राहायला दिले, उद्या मालक होऊन बसेल,' ही आपली भीती. राहणाऱ्यालाही भीती असतेच: 'उद्या निघ म्हणतील.' दोन्ही भीती खऱ्या आहेत. म्हणून नुसती दया पुरत नाही, व्यवस्था लागते.

ती वाट विदर्भाला ठाऊक आहे. विनोबांच्या भूदानातून ग्रामदानाचा विचार पुढे आला. महाराष्ट्रात 1964 साली त्याचा कायदा झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने 2013 साली आपली शेती ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. ग्रामदानात कसणारा कसतो, मुलांना वारसा मिळतो, फक्त बाहेरच्याला जमीन विकता येत नाही. याच विचारातून प्रेरणा घेऊन अमेरिकेत जॉर्जियातील कृष्णवर्णीयांनी 1969 साली 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली. जमीन संस्थेची, वापर कुटुंबाचा, हे तिचे सूत्र.

लेवीयच्या 25 व्या अध्यायातही हेच आहे: जमीन देवाची, आपण तिच्यावरचे पाहुणे. पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याला दार बंद करावे का?

परसातली जागा देताना आपण मुदत, भाडे आणि दोघांचे हक्क कागदावर लिहू या. उपकाराखाली दबलेले छप्पर नको. शेजाऱ्याला निर्धास्त झोप लागेल असे घर देऊ या.