न घडलेल्याचे श्रेय

कर्तृत्वाचा विचार करताना मनुष्याची दृष्टी स्वभावतः जे घडले त्याकडे जाते. बांधलेला किल्ला, जिंकलेली लढाई, लिहिलेला ग्रंथ यांना कर्ता असतो, तिथी असते आणि म्हणून इतिहासही असतो. जे घडू दिले गेले नाही, त्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. टळलेली साथ, न फुटलेला बांध, मुद्रितशोधकाने वेळीच पकडलेली चूक यांची नोंद कोणत्याही बखरीत सापडत नाही. अशी कामे जितकी चोख व्हावीत तितकी ती दिसेनाशी होतात. चुकली की मात्र चारचौघांच्या नजरेत भरतात. त्यांचे मूल्य कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न जुना आहे आणि अद्याप सुटलेला नाही. क्रीडेच्या क्षेत्रात तो विशेष स्वच्छ रूपात समोर येतो, कारण तेथे नियम ठरलेले असतात, वेळ मोजलेला असतो आणि फळ आकड्यांत मांडलेले असते. पश्चिम जर्मनीचा फुटबॉलपटू हान्स-गेओर्ग श्वार्त्सेनबेक याची कारकीर्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

श्वार्त्सेनबेकचा जन्म ३ एप्रिल १९४८ रोजी म्युनिक येथे झाला. १९६६ मध्ये तो बायर्न म्युनिक या क्लबच्या मुख्य संघातून खेळू लागला आणि आपल्या संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीत त्याने दुसऱ्या कोणत्याही क्लबचा आश्रय घेतला नाही. बुंडेसलिगा या जर्मन साखळी स्पर्धेत तो ४१६ सामने खेळला, तर राष्ट्रीय संघातून ४४. १९७२ चे युरोपीय अजिंक्यपद आणि १९७४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत तो होता. १९७४, १९७५ आणि १९७६ असा सलग तीन वेळा युरोपियन कप पटकावणाऱ्या बायर्नच्या बचावफळीतही तो होता. एवढी बिरुदे मिळवणारे खेळाडू जगात मोजकेच. तरीही जर्मनीबाहेर त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, आणि जर्मनीत ते घेतले जाते तेव्हा बहुधा दुसऱ्या एका नावाला जोडूनच घेतले जाते.

ते दुसरे नाव फ्रान्त्स बेकेनबावर याचे. बेकेनबावर हा ‘लिबेरो’ म्हणजे मोकळा बचावपटू होता. प्रतिपक्षाच्या कोणत्याही ठरावीक खेळाडूची जबाबदारी त्याच्यावर नसे. चेंडू पायाशी येताच तो ताठ मानेने मध्यफळी ओलांडून पुढे जाई आणि आक्रमणाची रचना करी. बचावपटू असूनही युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान त्याला १९७२ आणि १९७६ असा दोनदा मिळाला, तो या मोकळेपणाच्या बळावर. परंतु तो पुढे गेला की मागे जी जागा रिकामी पडे, ती कोणीतरी सांभाळणे भाग होते. श्वार्त्सेनबेकचे नेमून दिलेले काम प्रतिपक्षाच्या प्रमुख आघाडीवीराला रोखण्याचे. त्याखेरीज सोबत्याच्या संचारामुळे उघडे पडलेले दारही तोच अडवून धरी. बेकेनबावरला लोकांनी ‘कायझर’ म्हणजे सम्राट ही पदवी दिली होती. श्वार्त्सेनबेकला त्याच न्यायाने ‘सम्राटाचा झाडणारा’ हे बिरुद मिळाले.

त्याच बायर्न संघात गेर्ड म्युलर होता. बुंडेसलिगाच्या ४२७ सामन्यांत त्याने ३६५ गोल केले. हा आकडा निश्चित आहे. त्यातील प्रत्येक गोलाला दिनांक आहे, मिनिट आहे, प्रतिस्पर्धी आहे. श्वार्त्सेनबेकने ४१६ सामन्यांत किती गोल होऊ दिले नाहीत, याचा मात्र आकडा नाही आणि असूही शकत नाही. त्याने स्वतः केलेले गोल २१ भरतात, आणि राष्ट्रीय संघासाठी तर एकही नाही. जमाखर्चाच्या वहीत एका सोबत्याच्या नावापुढे भरगच्च रकमा आणि दुसऱ्याचे पान जवळजवळ कोरे, असे हे चित्र आहे. पान कोरे राहणे हेच येथे काम होते, ही गोष्ट ती वही सांगू शकत नाही.

भारतीय दर्शनांनी या कोऱ्या पानाचा विचार फार बारकाईने केला आहे. न्याय-वैशेषिकांच्या परंपरेने अभावाला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला आणि त्याचे भेद केले. जे पुढे उत्पन्न होणार, त्याचा उत्पत्तीपूर्वीचा अभाव तो प्रागभाव. जे मुळातच नाही, त्याचा त्रैकालिक अभाव तो अत्यंताभाव. ही परिभाषा मैदानावर नेली तर असे म्हणता येईल, की सामना सुरू होतो तेव्हा गोलाचा अभाव दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि तो प्रागभाव आहे, असे गृहीत धरून आघाडीवीर धावत असतो. तो अभाव कोणत्याही क्षणी संपेल असा त्याला भरवसा असतो. बचावपटूचा सगळा खटाटोप त्याच अभावाला शेवटची शिटी वाजेपर्यंत अखंड ठेवण्याचा असतो. एक काहीतरी उत्पन्न करू पाहतो, दुसरा उत्पत्ती होऊ देत नाही. पण श्रम दोघांचे सारखेच भावरूप असतात. अभाव जपण्यासाठीही देह झिजवावा लागतो.

प्रश्न उरतो तो या श्रमाच्या ज्ञानाचा. भाट्ट मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले आणि त्याला एक अट घातली. भूतलावर घट नाही, हे ज्ञान केवळ घट न दिसण्याने होत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असावी लागते. काळोखात न दिसलेल्या घटावरून काहीच सिद्ध होत नाही. बचावपटूच्या कामाला हीच अट लागू पडते. तो त्या जागी नसता तर गोल झालाच असता, हे ज्याला दिसते त्यालाच त्याचे काम दिसते. जो पास प्रतिपक्षाने देण्याचाच विचार सोडला, कारण त्या वाटेवर श्वार्त्सेनबेक उभा होता, तो पास साध्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. म्हणून गोल पाहायला डोळे पुरतात. बचाव पाहायला कल्पनाशक्ती लागते. कृतज्ञतेचा दुष्काळ बहुधा दुष्टाव्यातून येत नाही, तो या कल्पनाशक्तीच्या तोकडेपणातून येतो.

तथापि एवढ्याने विषय संपत नाही, कारण याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. बेकेनबावर मोकळा होता, कारण श्वार्त्सेनबेक बांधलेला होता. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याने आपल्या चाकोरीत राहून चुकती करावी, ही व्यवस्था न्याय्य म्हणावी काय? ‘झाडणारा’ हे बिरुद जर्मन प्रेक्षकाला कौतुकाचे वाटले असेल. भारतीय वाचकाला ते तितके निरुपद्रवी वाटणार नाही. या देशात पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांच्या हाती झाडू देण्यात आला आणि त्यालाच त्यांचा स्वधर्म म्हणण्यात आले. सेवेच्या थोरवीची स्तोत्रे रचणारे बहुधा सेवा घेणारे असतात, करणारे नसतात. तेव्हा पडद्यामागील कामाचा गौरव करणाऱ्या कोणत्याही लेखनाने आधी या शंकेला उत्तर दिले पाहिजे. एरवी तो गौरव बेडीला दिलेला मुलामा ठरेल.

दुय्यम भूमिकेला प्रतिष्ठा कधी प्राप्त होते, याच्या तीन कसोट्या सांगता येतात. भूमिका जन्माने लादलेली नसावी, ती स्वीकारण्याची आणि सोडण्याची मोकळीक असावी, ही पहिली. एकत्रित श्रमाचे फळ एकत्रितच मिळावे, ही दुसरी. आणि प्रसंग पडला तर भूमिकेची सीमा ओलांडणे हा अपराध ठरू नये, ही तिसरी. श्वार्त्सेनबेक हा व्यावसायिक खेळाडू होता. तो करारान्वये खेळत होता. विजयाची पदके त्याला आणि बेकेनबावरला सारखीच मिळाली. कीर्ती सारखी मिळाली नाही, एवढे मान्य करावे लागते. शिवाय अवलंबन एकतर्फी नव्हते. १९७७ मध्ये बेकेनबावर न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडे गेला आणि १९७७–७८ च्या हंगामात बायर्न बाराव्या क्रमांकावर घसरला. या घसरणीला इतरही कारणे असणार. पण मोकळ्या माणसाला जसा राखणारा हवा होता, तसा राखणाऱ्याच्या श्रमालाही कोणाच्या तरी प्रतिभेमुळे अर्थ येत होता, एवढे त्यावरून म्हणता येते.

तिसऱ्या कसोटीचा प्रसंग १५ मे १९७४ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर आला. युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बायर्नसमोर स्पेनचा आतलेतिको माद्रिद हा संघ होता. नियमित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेच्या ११४ व्या मिनिटाला लुइस अरागोनेसने फ्री किकवर गोल केला आणि सामना संपल्यात जमा झाला. १२० व्या मिनिटाला श्वार्त्सेनबेक चेंडू घेऊन पुढे आला. मागची जागा सोडणे हे त्याचे काम नव्हते आणि गोल करणे तर नव्हतेच. सुमारे २५ मीटरांवरून त्याने चेंडू मारला. तो गोलरक्षक मिगेल रेइनाला चुकवून जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. तेव्हा पेनल्टींनी निकाल लावण्याची पद्धत या अंतिम सामन्याला नव्हती, म्हणून दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवण्यात आला. युरोपियन कपचा पुन्हा खेळवलेला हा एकमेव अंतिम सामना. बायर्नने तो ४–० असा जिंकला. चारही गोल उली ह्योनेस आणि म्युलर यांनी वाटून केले. श्वार्त्सेनबेक पुन्हा आपल्या जागी गेला होता.

या गोलाचा एक अर्थ उघड आहे. ज्याने आयुष्यभर सीमा राखली, त्याला ती ओलांडताही येत होती. म्हणजे तिच्या आत राहणे ही त्याची असमर्थता नव्हती. त्याच्या शेकडो सामन्यांतील संयमावर हा एक फटका मागे वळून प्रकाश टाकतो. पण त्याच गोलात एक विषादही आहे. श्वार्त्सेनबेकचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुतांशी या गोलामुळेच ठाऊक आहे. जे त्याने अपवाद म्हणून केले ते स्मरणात राहिले. जे त्याने नित्य केले ते विरून गेले. लोकस्मृती भावपदार्थांवर पोसली जाते. अभाव राखणाऱ्यालाही तिच्या दारात यायचे तर एखादा भावपदार्थ हाती घेऊनच यावे लागते, असा तिचा रिवाज दिसतो.

अकिलीस स्नायुबंधाच्या दुखापतीने अखेर त्याचा खेळ थांबला. त्यानंतर त्याने म्युनिकमध्ये लेखनसाहित्याचे दुकान चालवले. बायर्नच्या कार्यालयालाही कागद आणि लेखण्या तो पुरवीत असे. १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात इमान्युएल कांटने दुकानदाराचेच उदाहरण घेतले आहे. जो दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही रास्त भावाने माल देतो, त्याचे वर्तन कर्तव्याला धरून आहे. पण ते कर्तव्यापोटी आहे की धंद्याच्या हितापोटी, हे बाहेरून ओळखता येत नाही, असे कांटचे प्रतिपादन आहे. श्वार्त्सेनबेकच्या मनातील हेतूंविषयीही बाहेरून काही ठामपणे सांगता येणार नाही. त्याने निष्ठेने खेळ केला की केवळ नेटाने, हे त्यालाच ठाऊक.

परंतु पाहणाऱ्याचे कर्तव्य त्या हेतूंवर अवलंबून नाही. न घडलेल्या अनर्थाला साक्षीदार नसतो. म्हणून त्याची साक्ष काढण्याची जबाबदारी ज्यांचे त्यामुळे रक्षण झाले त्यांच्यावर येते. ती टाळली तर राखणारे दोनच प्रकारचे उरतात: ज्यांना राखण्यावाचून गत्यंतर नाही असे, आणि राखणे सोडून केवळ दिसण्याच्या मागे लागलेले. दोन्ही प्रकारच्या राखणाऱ्यांवर विसंबणारा समाज फार काळ सुरक्षित राहत नाही. सामना संपल्यावर धावफलकावर शून्य दिसते तेव्हा ते शून्य कोणीतरी श्रमाने राखले आहे, एवढे ओळखण्यापासून या कर्तव्याचा आरंभ होऊ शकतो.