राण्यांची जोडी आणि शंभर बाकरवड्या

जपानमधल्या फुनाबोरीत आमचा पत्त्यांचा डाव महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री बसतो. पैसे लावत नाही. जपानच्या दंडसंहितेचे १८५ वे कलम जुगाराला शिक्षा सांगते, पण घटकाभर करमणुकीची वस्तू पणाला लावली असेल तर सूट देते. खाण्यापिण्याचे पदार्थ त्या सुटीत बसतात. रोख रक्कम, कितीही लहान असली तरी, बसत नाही. म्हणून आमचे बक्षीस बाकरवडीचे. पुण्याहून कुणी आले की शंभर मोजून डब्यात भरायच्या : पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. बाकीच्यांना चहा.

त्या रात्री चौघे उरलो होतो. प्रत्येकासमोर अडीच हजारांच्या चिप्स, ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पाने पाहण्याआधीच लावायच्या चिप्स, १०० आणि २००. ज्याला सर्वात आधी बोलायचे होते त्या मित्राने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. ऑल-इन. संध्याकाळभर हा गृहस्थ पाने टाकतच बसला होता. त्याच्यानंतर मी, आणि माझ्या हातात दोन राण्या. माझ्यामागे अजून दोघे बोलायचे होते. त्यांत सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या एका मित्राच्या आई, म्हणजे आमच्या काकू.

राण्यांची जोडी हा होल्डम पोकरमधला तिसरा सर्वात मोठा हात. वर फक्त एक्के आणि राजे. कुणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा? मलाही एके काळी तसेच वाटे.

रोख पैशाच्या टेबलावर कॉलचा, म्हणजे समोरच्याइतकेच लावण्याचा, हिशेब सरळ असतो. मध्ये ३०० आहेत, समोरच्याने २०० लावले, तर मी २०० घालून ५०० मिळवू पाहतो. एकूण ढीग ७०० चा, त्यात माझे २००. सातातून दोनदा जिंकलो तरी तोटा नाही, म्हणजे २९ टक्के पुरेत. तिथे चिप म्हणजे पैसा. आज गमावलेले शंभर आणि उद्या कमावलेले शंभर यांचे वजन एकच.

स्पर्धेत चिप म्हणजे पैसा नव्हे, बाकरवडीही नव्हे. माझ्या अडीच हजार चिप्स कुणी डब्यापाशी नेऊन वटवू शकत नाही. त्या फक्त मला टेबलावर बसू देतात. मग त्यांची किंमत किती? डेव्हिड हारव्हिल याने १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी एक रीत मांडली आणि मेसन मालमथ याने पुढे ती पोकरला लावली. पहिले येण्याची शक्यता चिप्सच्या हिश्शाइतकी धरायची. पहिला आला तो बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत तीच वाटणी पुन्हा करायची, दुसऱ्या क्रमांकासाठी, मग तिसऱ्यासाठी. चौघे सारखे असताना प्रत्येकाची किंमत उघडच २५ बाकरवड्या.

आता मी कॉल केला, जिंकलो आणि माझ्या चिप्स दुप्पट झाल्या असे धरू. ब्लाइंड क्षणभर सोडून देतो. पाच हजार माझे, अडीच-अडीच हजार उरलेल्या दोघांचे. पहिला येण्याची शक्यता निम्मी, दुसरा येण्याची एक तृतीयांश, तिसरा येण्याची एक षष्ठांश. बाकरवड्यांत हे होते सुमारे ३८. चिप्स दुप्पट झाल्या, पण बाकरवड्या २५ च्या ५० झाल्या नाहीत. हरलो तर मात्र २५ च्या २५ गेल्या. जिंकून १३ मिळणार आणि हरून २५ जाणार, असा सौदा पटायला शंभरात ६५ वेळा तरी जिंकायला हवे. ब्लाइंड धरले की हा आकडा किंचित खाली येतो, पण निम्म्यावर येत नाही.

मग उरलेल्या बाकरवड्या गेल्या कुठे? मी पहिल्यांदा हा हिशेब कागदावर केला तेव्हा याच प्रश्नापाशी बराच वेळ अडलो. भिडण्याआधी आम्हा दोघांच्या मिळून ५० होत्या. भिडल्यावर एकाकडे ३८, दुसऱ्याकडे शून्य. जवळजवळ १२ कमी. त्या गेल्या हातातली पाने टाकून शांत बसलेल्या दोघांकडे, कारण एकजण बाद झाल्याने ते बक्षिसात आले. त्यांची किंमत २५ वरून ३१ च्या जवळ गेली, एकही चिप न लावता. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. इथे तिसऱ्याचाही आणि चौथ्याचाही. भांडणात कोण जिंकले याने त्यांना काही फरक पडत नाही.

इथे कुणी विचारेल की ऑल-इन करणारानेही हाच धोका पत्करला, मग तो वेडा का? नाही. त्याच्याकडे जिंकायच्या दोन वाटा आहेत. सगळ्यांनी पाने टाकली तर ब्लाइंड त्याचे, पाने उघडावीच लागत नाहीत. कुणी कॉल केला तरी पाच पाने टेबलावर पडेपर्यंत दैव त्याच्या बाजूने वळू शकते. कॉल करणाऱ्याला पहिली वाट नाही. त्याला पाने दाखवून जिंकावेच लागते. म्हणून ज्या पानांवर ऑल-इन करणे शहाणपणाचे, त्याहून बरीच चांगली पाने कॉलला लागतात. डेव्हिड स्क्लान्स्की याने या अंतराला ‘गॅप’ हे नाव दिले. काकूंना मी हे समजावू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तो म्हणतोय, येऊ नका. आणि तू म्हणतोस, मी येतोच.” याहून नेमके मला सांगता आले नसते.

तर प्रश्न राण्या किती मोठ्या हा नव्हता. या माणसाने, या क्षणी, कोणकोणत्या पानांवर सगळे लावले असते, हा होता. कोणतीही दोन पाने घेऊन ढकलणारा उतावळा समोर असता तर राण्या शंभरात ८० वेळा जिंकतात. कॉल करायला क्षणही लागू नये. पण हा गप्प माणूस. त्याच्याकडे दहाच्या किंवा त्याहून मोठ्या जोड्या, नाहीतर एक्का-राजा, एक्का-राणी. दोन राण्या माझ्याकडे असताना अशा एकूण ४९ जोडण्या उरतात. दहा किंवा गुलामांच्या १२ : तिथे मी खूप पुढे. एक्के किंवा राजांच्या १२ : तिथे मी तितकाच मागे. एक्का-राजाच्या १६ : तिथे निम्म्याहून जरा वर. एक्का-राणीच्या ८ : तिथे बरा पुढे. उरलेली एक म्हणजे दुसऱ्या दोन राण्या, बरोबरी. सगळे मिळून शंभरात ५५ च्या आसपास. जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि तरीही कॉल चुकीचा.

हारव्हिल आणि मालमथ यांची रीत सर्वज्ञ नाही. कोण चांगले खेळतो, पुढच्या हातात ब्लाइंड कुणावर येणार, हे तिला दिसत नाही. फक्त पहिल्यालाच सगळा डबा मिळणार असता तर चिप्स आणि बाकरवड्या पुन्हा सारख्या मापाच्या झाल्या असत्या आणि राण्या टाकणे हा भित्रेपणा ठरला असता. उलट चौथ्याजवळ दोनच हातांपुरत्या चिप्स उरल्या असत्या तर मी आणखी आखडून बसलो असतो. तो आपोआप बाद होणार असताना मी का मरावे? बक्षिसांची वाटणी बदलली की तीच दोन पाने वेगळी होतात. हे पटायला मला काही वर्षे लागली, कारण लहानपणापासून पत्त्यांत मोठे पान म्हणजे मोठेच असते.

मी राण्या पालथ्या टाकल्या. चौथ्याने आणि काकूंनीही पाने टाकली. मित्राने ब्लाइंड ओढून घेतले.

पुढच्या हाताला ब्लाइंड वाढून १५० आणि ३०० झाले. आता पहिला बोलणारा मी. मला इस्पिकचे गुलाम-दहा आले आणि मी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. माझ्यानंतरच्याने पाने टाकली. काकूंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि टाकली. मोठा ब्लाइंड आता त्या गप्प माणसावर होता. त्याने पाने उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली आणि माझ्या चिप्स मोजायला लागला.