दार उघडल्यानंतर

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होऊन चार वर्षं झाली होती. मार्च १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या सत्याग्रहातले आपले सहकारी दादासाहेब गायकवाड यांना एक पत्र लिहिलं. ज्या मूर्तींच्या पूजेची आपल्या माणसांना मनाई आहे त्यांची पूजा करता यावी, एवढ्यासाठी आपण ही चळवळ उभी केलीच नव्हती, असं त्यांनी त्यात स्वच्छ सांगितलं. आपण कोणत्या स्थितीत जगतो आहोत याची जाणीव लोकांना व्हावी, त्यांच्या अंगी बळ यावं, यासाठी तो मार्ग त्यांना सर्वांत चांगला वाटला होता. ते काम झालं होतं. आता सगळी शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्यांचा सल्ला होता.

आम्ही नाशिककर या लढ्याला 'मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह' म्हणतो. नाव चुकीचं नाही, पण त्यामुळे दार उघडलं की विषय मिटला अशी आपली समजूत होते. या पत्राकडे पाहिलं की ती समजूत टिकत नाही. दारापलीकडच्या माणसाला आत घेणं आणि त्याला आपल्या बरोबरीचा माणूस मानणं यांत मोठं अंतर आहे. हे अंतर कापायला या समाजाला किती काळ लागला आणि ते अजून किती उरलं आहे, हा विचार मला सोडवत नाही.

सुरुवात करुणेपासून झाली, आणि तीही याच गोदावरीच्या काठी. नाशिकहून निघालेली ही नदी पैठणला पोचते. तिथल्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं मूल एकनाथांनी उचलून कडेवर घेतलं, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात हे करायला छाती लागते. नाथांना त्यासाठी गावाचा रोष पत्करावा लागला, असं परंपरा सांगते. त्या कृतीचं मोल मला जराही कमी करायचं नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मूल उचलायचं की नाही, हे नाथांच्या मनावर अवलंबून होतं. मूल महारवाड्यात परत गेलं आणि महारवाडा होता तिथेच राहिला. संतांनी करुणा शिकवली, पण त्या करुणेत देणारा एक होता आणि घेणारा कायम दुसरा होता. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, पायरीजवळ आहे. भक्ती कबूल झाली, आत मात्र घेतलं नाही.

पुढचं पाऊल गृहस्थाचं आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. इथे करुणा घराच्या कारभारात आली. वाळवंटातला प्रसंग एकदा घडून जातो, हौदावर रोज पाणी भरलं जातं. शेजारी रोज पाहतात, नातेवाईक रोज बोलतात आणि त्याची किंमतही रोज मोजावी लागते. म्हणून मला फुल्यांचा हौद फार मोठा वाटतो.

तरीही देणारा हात अजून वरच होता. तो खाली आणला शाहू महाराजांनी, तेही एका चहाच्या कपाने. कोल्हापूर संस्थानात नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून सवर्ण नोकरांनी बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवू लागले. स्वतः चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावायचे.

मला या सगळ्या इतिहासात ही कृती सर्वांत खोल जाणारी वाटते. पैसे देणं राजाला सोपं होतं. त्यांनी गंगारामांच्या हातून घेतलं. अस्पृश्यता घेण्यात असते, देण्यात नसते. वरून भाकरी टाकायला, जुनं लुगडं द्यायला, सणाला पोस्त द्यायला कोणाची कधी हरकत नव्हती. हरकत होती ती त्या हातचं पाणी प्यायला. गंगारामांनी चहा ओतला आणि राजाने तो प्यायला, तेव्हा दोघांमधली उतरंड निदान तेवढ्या घोटापुरती मोडली.

काळाराम मंदिरासमोर जे घडलं ते या दृष्टीने पाहावं. कायद्याच्या बाजूने वाट थोडी तयार झाली होती. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडला आणि तो संमत झाला. तो कागदावरच राहिला, म्हणून मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन लोकांना स्वतःच्या ओंजळीने पाणी प्यावं लागलं. त्यानंतर तीन वर्षांनी नाशिकची पाळी आली. २ मार्च १९३० ला हजारो स्त्रीपुरुषांची मिरवणूक शिस्तीत पंचवटीत आली तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून दरवाजांसमोर ठिय्या सुरू झाला. पहिल्या तुकड्यांत बायाही होत्या. दहा दिवसांतच दांडीयात्रा निघाली आणि देशाचं लक्ष मिठाकडे गेलं. इथले सत्याग्रही उन्हात बसून राहिले.

एप्रिलमध्ये रामाच्या रथाचा दिवस आला. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा, असा समझोता झाला होता. तो पाळला गेला नाही. रथ परस्पर पुढे नेला गेला आणि अडवायला धावलेल्यांवर दगड पडले. नुसता दोर धरू द्यायचा होता. मंदिराच्या गाभाऱ्यात जायचं नव्हतं, रथ रस्त्यावर होता, दोर लांबलचक होता. तरी तो हात दोराला लागलेला चालला नाही. ज्या हातांनी शेत नांगरलं, रस्ता झाडला, मेलेलं जनावर ओढून नेलं, त्याच हातांना देवाचा रथ ओढायची बंदी होती. राबणारा हात हवा होता, सोबतीचा हात नको होता.

विरोध करणारं नाशिक होतं, तसं साथ देणारंही होतं. विशीतल्या वि. वा. शिरवाडकरांनी, म्हणजे पुढे कुसुमाग्रज झालेल्या तरुणाने, १९३२ मध्ये या सत्याग्रहात भाग घेतला होता. पण लढा पाच वर्षं पेलला तो दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्याबरोबरच्या नावं न उरलेल्या माणसांनी. मजुरी बुडत होती आणि गावोगाव छळ होत होता. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगून टाकलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही. येवल्याला विचाराने निर्णायक वळण घेतलं. इतके दिवस दाराबाहेरचा माणूस दार उघडण्याची वाट पाहत होता. आता तो म्हणाला, तुमच्या दारावर माझी माणुसकी ठरत नाही.

पुढचा कायद्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं. दादासाहेब तिथे थांबले नाहीत. ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याला ताठ उभं राहता येत नाही, हे ओळखून त्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह केले. याच नाशिकच्या शांताबाई दाणींनी मुलींच्या शिक्षणाला आयुष्य वाहिलं. जमीन आणि शाळा या दोन गोष्टींनी कोणाच्या दयेवर न जगणारी पिढी घडवली.

तरी शहर जात विसरलं नाही, फक्त विचारायची रीत बदलली. नाशिकजवळच्या विहितगावात १९३० मध्ये, म्हणजे सत्याग्रहाच्याच वर्षी जन्मलेल्या बाबूराव बागुलांना नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागली होती. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ चा. आजही घर भाड्याने घ्यायला गेलेल्या तरुणाला आधी विचारलं जातं, "पूर्ण नाव काय तुमचं?" आडनाव कळेपर्यंत खोली रिकामी असते, कळल्यावर मालकाच्या भाच्याला हवी असते. सतरावं कलम या संभाषणापर्यंत पोचत नाही, आणि तिथून पुढचं काम आपलं आहे.

रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या वाड्यात माझ्या परिचयाच्या आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, माहेर कडक सोवळ्याचं. त्यांच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येतात. आजींना आता ओट्याशी उभं राहवत नाही, म्हणून अकराच्या सुमाराला चहा त्या बाईच टाकतात. आलं ठेचतात, दोन सारख्या कपांत चहा गाळतात आणि मग दोघी टेबलाशी बसून पितात. "ताई, साखर आज बेताची पडली बघा," असं आजी म्हणतात, तेव्हा त्या उठून डबा आणतात आणि दोघींच्याही कपांत अर्धा अर्धा चमचा घालतात. मी एकदा गेलो तेव्हा त्या बाई दुसऱ्या एका घराविषयी सांगत होत्या. तिथे त्यांचा कप ड्राय बाल्कनीच्या खिडकीत, साबणाच्या शेजारी ठेवलेला असतो. "माणसं वाईट नाहीत हो," त्या म्हणाल्या. "पगार एक तारखेला देतात, दिवाळीला साडी देतात. कप तेवढा वेगळा." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या घरात दया आहे, साडीही मनापासून दिलेली असेल. पण त्या घराने त्यांच्या हातचा चहा कधी घेतला नसेल. पोळ्या मात्र त्याच हातच्या खाल्ल्या जात असतील, कारण पोळी कामात मोडते. आपल्या जगण्यात हा हिशेब सगळीकडे आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, त्यांच्या हातचं द्राक्ष परदेशी जातं. घंटागाडीवरचा माणूस आपला ओला-सुका कचरा हाताने वेगळा करतो. त्यांच्याकडून आपण श्रम घेतो. त्यांचं म्हणणं, त्यांचा सल्ला, त्यांचा पाहुणचार घेत नाही.

त्यांच्याकडून श्रमापलीकडचं काही घेण्याची वेळ २०१८ च्या मार्चमध्ये आली होती. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकरी आणि आदिवासी मुंबईकडे निघाले. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची मोठी मागणी होती. शे-दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर ते उन्हातून चालले. कित्येकांच्या पायांत चपला नव्हत्या, तळवे सोलवटले होते. मुंबईकरांनी रस्त्यावर येऊन त्यांना पाणी, बिस्किटं, चपला दिल्या. ते दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. पण चालणाऱ्यांनीही मुंबईला काही दिलं होतं. ते मुंबईत पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना रस्त्यात अडचण होऊ नये म्हणून, दिवसभर चालून आलेली ती माणसं सोमय्या मैदानावरून रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानावर पोचली. ज्या शहराने त्यांची गावं कधी पाहिली नव्हती, त्या शहरातल्या अनोळखी मुलांची त्यांनी काळजी केली. चपला देणाऱ्या हातांचं कौतुक खूप झालं. मला त्या रात्रीच्या चालण्यात करुणेचं जास्त मोठं रूप दिसतं.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे जाऊन मैत्रीचा आग्रह धरला. काळारामच्या दारापासून निघालेला विचार तिथे पोचला. मैत्रीत दोन्ही बाजूंनी देणंघेणं असतं, आणि म्हणून ती कायद्याने लादता येत नाही. ती घरात, सोसायटीत, शेतात, कचेरीत रोजच्या वागण्यानेच येते.

मात्र नुसत्या गोड वागण्यावर समाधान मानणंही बरोबर नाही. आजींचं मला पटतं ते एवढ्यासाठी की त्या चहाबरोबर भरपगारी सुट्टीही देतात आणि आजारपणाचे पैसे कापत नाहीत. हक्क बुडवून दिलेला मान खरा नसतो. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. कामगार कार्यालयात नोंदणी होते आणि अर्जासोबत काम देणाऱ्याचा दाखला लागतो. म्हणजे इथे आपली सही हवी आहे. आपल्या घरी येणाऱ्या ताईंना या आठवड्यात विचारा, नोंदणी झाली आहे का. नसेल तर दाखला लिहून द्या, आणि त्यांना हवं असेल तर अर्धा दिवस काढून बरोबर जा.