नाव, संहिता आणि दायित्व

आज्ञा देणारा हयात नाही आणि ती पाळणाऱ्याने ती रचलेली नाही. अशा वेळी तिच्या परिणामांचे दायित्व कोणावर येते? हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, तसाच संहितेच्या कर्तृत्वाचाही आहे. उत्तर अल्बेनियातील डोंगरी टोळ्यांच्या रूढिकायद्यात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. हा कायदा ‘लेक दुकाजिनीचा कानून’ म्हणून ओळखला जातो. मराठीतील ‘कायदेकानू’शी या शब्दाचे नाते आहे, दोहोंचे मूळ ग्रीक ‘कानोन’ हेच.

दुकाजिनी (१४१०-१४८१) हा स्कंदरबेगाचा समकालीन सरदार. त्याच्या हातचे एकही कलम उपलब्ध नाही. शतकानुशतके मुखोद्गत राहिलेला हा कायदा श्त्येफेन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने गोळा केला. १९२९ मध्ये त्याची हत्या झाली आणि १९३३ मध्ये, मरणोत्तर, १२ भागांची व १२६२ कलमांची संहिता ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्याचे नाव संहितेवर आहे त्याने ती लिहिली नाही, आणि ज्याने लिहून काढली तो तिचा कर्ता नव्हे. स्कंदरबेगाचा चरित्रकार मारिन बार्लेती तर याच दुकाजिनीने लेक झाहारिया या प्रतिस्पर्धी सरदाराला दबा धरून मारल्याचे सांगतो. हा वृत्तांत खरा मानला, तर सूडाला नियमांची चौकट देणाऱ्या कायद्यावर एका सूडकर्त्याचेच नाव आहे.

तरीही या नावाचे सामर्थ्य विलक्षण आहे. ‘लेकने सांगितले आहे’ एवढे म्हटले की वाद संपतो, असे एडिथ डरहॅम यांनी १९०९ च्या ‘हाय अल्बेनिया’ या ग्रंथात नोंदविले आहे. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये ‘लेखक’ ही व्यक्ती नसून संहितेला प्रामाण्य व एकसंधता देणारे कार्य आहे, अशी मांडणी केली. तिच्यात आणखी एक गोष्ट अभिप्रेत आहे : लेखकाच्या नावामुळे संहितेला शिक्षापात्र असा धनीही लाभतो. कानूनमध्ये नेमके उलट घडते. दुकाजिनीच्या नावामुळे प्रामाण्य मिळते. दायित्व मात्र अशा ठिकाणी जाऊन पडते, जिथे त्याला जाब विचारता येत नाही.

हत्येच्या विधींतून हे स्पष्ट होते. मारणाऱ्याने प्रेत उताणे करावे, मृताची बंदूक त्याच्या डोक्याशी ठेवावी, हत्या जाहीर करावी. मग ‘बेसा’, म्हणजे दिलेल्या शब्दाचे अभय, मिळते. त्या अभयाखाली मारेकरी मृताच्या अंत्ययात्रेलाही जातो. इस्माइल कादारे यांच्या ‘भग्न एप्रिल’ (१९८०) या कादंबरीतील ग्योर्ग हे सारे तंतोतंत पार पाडतो. त्याच्या मनात मृताविषयी द्वेष नाही. तो मारतो, पण ‘मी मारले’ या वाक्यातील ‘मी’ रिकामा आहे. या विधींनी हिंसेला मर्यादा घातली, हे नाकारता येत नाही. परंतु मर्यादा घालतानाच त्यांनी तिला कर्ताहीन केले.

मग क्षमेचे काय? १९९० मध्ये कोसोवोत लोकसाहित्याचे अभ्यासक अंतोन चेत्ता यांच्या पुढाकाराने शेकडो कुटुंबांनी रक्तवैर सोडले. १ मे १९९० रोजी वेर्रात ए लुकस येथे त्यासाठी विराट मेळावा भरला. येथे एक आक्षेप संभवतो. ही क्षमाही तरुणाई, जनता आणि ध्वज यांच्या नावाने दिली गेली. मग एका नावाची जागा दुसऱ्या नावाने घेतली, एवढेच घडले काय?

आक्षेप अंशतः खरा आहे. नावाच्या आधारावाचून माणसाला कठीण कृती सहसा झेपत नाही. परंतु भेद उरतोच. सूड घेणाऱ्याला संहितेने वाक्य तयार करून दिलेले असते, आणि ते न उच्चारणाऱ्याची अप्रतिष्ठा होते. क्षमेची वाटही कानूनने ठेवली आहे, मात्र तिची सक्ती कोणावरही नाही. मृताच्या बापाने सर्वांसमक्ष उभे राहून ‘मी सोडले’ म्हणावे लागते, आणि उद्या कोणी विचारले तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. तिथे दुकाजिनी त्याच्या मदतीला येत नाही.