‘म्हणे’ या शब्दाची नीती

खोबरेल तेल हृदयाला घातक की हितकर, चालणे पहाटेचे बरे की सायंकाळचे, भात सोडावा की भाकरी, मुलांच्या हाती मोबाईल कोणत्या वयात द्यावा, वृत्तवाहिन्यांवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, या प्रश्नांवर मत नसलेला मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, विरार लोकलच्या डब्यात, लग्नाच्या मांडवात, इतकेच नव्हे तर मयताच्या घरी पडवीत बसल्या-बसल्याही ही मते मोकळ्या हाताने वाटली जातात. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत युद्ध, मृत्युदंड, मालमत्ता अशा थोर विषयांचा ऊहापोह असतो. या किरकोळ मतांना तेथे कोणी बसायला पाटही देत नाही. आम्हांला मात्र असे वाटते की, माणसाच्या सत्यनिष्ठेची खरी परीक्षा या फुटकळ मतांतच होते. थोर विषयावर बोलताना मनुष्य सावध असतो; तेला-तुपाविषयी बोलताना तो जसा आहे तसा असतो.

मराठी भाषेने ‘मत’ या एकाच शब्दात दोन अर्थ साठवले आहेत. मतपेटीत टाकतो तेही मत आणि गप्पांत देतो तेही मत. १९८९ साली आपल्या देशात मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. मतपेटीपुढे प्राध्यापक आणि मजूर यांचे वजन सारखेच भरते, आणि ते तसे भरावे हे सर्वस्वी न्याय्य आहे. कारण राज्य सर्वांचे आहे. परंतु या समतेची सवय हळूहळू दुसऱ्या अर्थाच्या मताला जडली आहे. ‘तुमचे ते मत, माझे हे मत’ असे म्हणून वाद मिटवला जातो आणि आपण मोठे उदारपणाने वागलो असे दोघांनाही वाटते. मत बाळगण्याचा अधिकार सर्वांना आहे, म्हणून सर्वांची मते सारखीच खरी ठरत नाहीत. मतपेटीत सर्व मते समान, हा लोकशाहीचा पाया होय. रोग्याच्या उशाशी सर्व मते समान, हा मात्र निव्वळ आळस होय.

मग मत म्हणजे नेमके काय? तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी याचे मोठे नेमके विवेचन केले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, ज्ञानात मन एका बाजूला निश्चिंतपणे स्थिरावते; संशयात ते कोणत्याच बाजूला झुकत नाही. मत या दोहोंच्या मधले आहे. मत देताना मन एका बाजूला संमती देते खरे, पण दुसरीच बाजू खरी असेल ही धास्ती त्याच्यात शिल्लक राहते. ही धास्ती हा मताचा दोष नसून ते मत असल्याची खूण आहे. ती नाहीशी झाली आणि ज्ञान मात्र आले नाही, तर उरतो तो केवळ हट्ट.

आमच्या आजी-पणजींना अक्वायनस ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण त्यांच्या बोलण्यात ही धास्ती जपणारा एक शब्द होता. ‘कारल्याच्या रसाने साखर उतरते म्हणे.’ हा ‘म्हणे’ मोठा प्रामाणिक शब्द आहे. हे मी ऐकले, पाहिले नाही. लोक सांगतात, मी हमी घेत नाही. एवढे सारे त्या दोन अक्षरांत येते. ऐकणाऱ्यालाही त्यातून कळते की, हे नाणे वाजवून घ्यायचे आहे. आजच्या बोलण्यातून, विशेषतः मोबाईलवरून फिरणाऱ्या संदेशांतून, नेमका हाच शब्द गळला आहे. तेथे ‘साखर उतरतेच’ असे असते आणि पुढे उद्गारचिन्हांची माळ असते.

‘म्हणे’ कसा गळून पडतो, याची दोन उदाहरणे पाहू. दिवसाला दहा हजार पावले चालावीत, हे आज वेदवाक्य झाले आहे. ९ हजारांवर अडकलेली सज्जन मंडळी रात्री अंगणात येरझाऱ्या घालताना आम्ही पाहतो. या आकड्याचा उगम वैद्यकीय प्रयोगशाळेत झाला नाही. टोकियो येथे १९६४ साली ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजणारे उपकरण बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा वाटोळा होता, लक्षात राहण्याजोगा होता, म्हणून तो जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची पावले मोजली गेली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे त्यात अधिक घट दिसली नाही. चालणे हितकर आहे, यात वाद नाही; वाद आहे तो वाटोळ्या आकड्याला दिलेल्या पावित्र्याविषयी.

दुसरे उदाहरण अंड्याचे. १९६८ साली अमेरिकेच्या हृदयरोगविषयक संघटनेने आठवड्यातून तीनपेक्षा अधिक पिवळे बलक खाऊ नयेत, असा सल्ला दिला. तो सल्ला सातासमुद्रापार आमच्या घरांतही पोहोचला आणि कित्येक वडीलधाऱ्यांच्या ताटातून अंडे उठले. पुढे संशोधन वाढले. अन्नातील कोलेस्टेरॉलचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर बहुतेकांत वाटला होता तितका परिणाम होत नाही, असे दिसू लागले. आणि २०१५च्या अमेरिकी आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा राहिली नाही.

यावर चाणाक्ष वाचक विचारील, ‘तज्ज्ञच जर आज एक आणि उद्या दुसरे सांगतात, तर त्यांचे मत आणि आमचे मत यांत अंतर ते काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. अंतर आहे ते मत बदलण्याच्या रीतीत. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. व्यायामाच्या बाजूने एवढा पुरावा हाती आल्यावर दुसरा कोणी तेथेच थांबला असता. पण चालक मुळातच स्थूल असतील तर, ही शंका या मंडळींनी स्वतःच काढली. १९५६ साली त्यांनी कामगारांच्या गणवेशांच्या मापांवरून कंबरेचे घेर ताडून पाहिले. चालकांचे घेर खरोखरच मोठे निघाले. आपल्याच निष्कर्षाला गुंतागुंतीचा करणारी ही माहिती त्यांनी लपवली नाही. छापून जगापुढे ठेवली. आपल्या मताविरुद्धचा पुरावा शोधण्यासाठी दुसऱ्याच्या विजारीची मापे काढत बसणे, यात बुद्धीपेक्षाही अधिक असे काही आहे. ते सद्गुण आहे. विज्ञानाचे मत बदलते, कारण त्यातील ‘म्हणे’ जिवंत असतो. आमचे मत बदलत नाही, आणि त्यालाच आम्ही निष्ठा समजतो.

जे आहाराविषयी आणि व्यायामाविषयी, तेच यंत्रांविषयी. नवे यंत्र आले की एक पक्ष आरती ओवाळतो, दुसरा शंखध्वनी करतो. ही रीत जुनीच आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात इजिप्तच्या थॅमस राजाची कथा येते. थ्यूथ नावाची देवता लेखनकला घेऊन येते, तेव्हा राजा म्हणतो की, या कलेने माणसांची स्मरणशक्ती जाईल आणि ती शहाणी न होता शहाणी दिसू लागतील. राजाचा तो आक्षेप आमच्यापर्यंत पोहोचला तो लेखनामुळेच! तथापि राजा सर्वस्वी चुकला होता, असेही म्हणवत नाही. न मिळवलेले शहाणपण अंगावर मिरवण्याचा धोका त्याने अचूक हेरला होता. दुसऱ्याचा संदेश बोटाच्या एका स्पर्शाने पुढे ढकलताना आपणही क्षणभर डॉक्टर, अर्थतज्ज्ञ अथवा पोलीस होतो, आणि त्यासाठी एक पानही वाचावे लागत नाही.

याचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठेचून मारली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून पसरले होते. त्याच महिन्यात, एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतासाठी जाहीर केली. बोटाला मर्यादा घालता आली. जिभेला ती ज्याची त्यानेच घालावी लागते. ते संदेश पुढे पाठवणाऱ्यांतील बहुतेक जण दुष्ट नसावेत. ‘सावध केलेले बरे’, एवढाच त्यांचा हेतू असेल. सद्हेतूने चौकशीची जागा घेतली की काय घडते, ते त्या पाच घरांना ठाऊक आहे.

इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. क्लिफर्ड धर्मश्रद्धेचे मित्र नव्हते. पण सत्य कोणाच्याही दारी सापडले तरी ते उचलून घ्यावे. त्यांनी एका जहाजमालकाचा दाखला दिला आहे. जहाज जुने झाले आहे, दुरुस्तीची गरज आहे, हे मालकाला जाणवते. पण खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो की, इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. प्रवाशांनी भरलेले जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतात, जहाज सुखरूप परतले असते तरीही मालक तितकाच अपराधी ठरला असता. कारण त्याचा विश्वास खरा की खोटा हा प्रश्न नव्हता, तो विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार होता काय, हा होता.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांना मधुमेह होता. सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रमंडळींत कोणी त्यांना कारले सांगितले, कोणी मेथी, कोणी ‘गोळ्यांनी मूत्रपिंडे जातात’ म्हणून बजावले. त्यांनी गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी पायाच्या जखमेने उचल खाल्ली आणि दोन बोटे काढावी लागली. ते रुग्णालयात असताना ती सारी मंडळी फळे घेऊन भेटीस आली. माणसे खरोखरच प्रेमळ होती. परंतु गोळ्या सोडा असे आपण सांगितल्याचे त्यांच्यापैकी एकालाही आठवत नव्हते. ते खोटे बोलत होते, असे आम्हांला वाटत नाही. बोलताना ज्याचे वजन जाणवले नाही, ते स्मरणात तरी कसे राहावे?

क्लिफर्ड यांना उत्तर देताना विल्यम जेम्स यांनी १८९६ साली एक मर्मभेदी मुद्दा मांडला. काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत. निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो. हे खरेच आहे. घरच्या गृहिणीला आजची भाजी आजच फोडणीला टाकायची असते; तेलाविषयीचा शेवटचा शोध लागेपर्यंत तिला चूल विझवून बसता येत नाही. शिवाय गप्पांतून मते अजिबात काढून टाकली, तर ओटीवर बसायचे तरी कशाला? अशी मुकी सभ्यता आम्हांला नको आहे. म्हणून रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली पाहिजे. स्वतःच्या ताटाविषयीचे मत चुकले तर किंमत आपण मोजतो. तेथे मोकळीक असावी. दुसऱ्याच्या ताटाविषयीचे, औषधाविषयीचे, अब्रूविषयीचे मत चुकले तर किंमत तो मोजतो. तेथे मताचे वजन आधी आपल्या हातावर तोलून पाहावे.

‘अब्रू’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. आहार आणि व्यायाम यांविषयीची मते पाहता पाहता माणसांविषयीची मते होतात. स्थूल तो आळशी, मांसमच्छी खाणारा तो तामसी, मुलापुढे मोबाईल ठेवून स्वयंपाक करणारी ती बेजबाबदार आई! डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या आणि संध्याकाळी उभ्यानेच चहा पिणाऱ्या बाईला ‘थोडा व्यायाम करत जा’ असे सांगणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. व्यायामाचा उपदेश बहुधा विश्रांती मिळालेल्या माणसाला सुचतो. त्या बाईच्या मुलाला मोबाईल का दिला जातो, हे तिच्या घरी तासभर बसल्याशिवाय कळत नाही. आणि तासभर बसल्यावर मत सांगण्याऐवजी मुलालाच थोडा वेळ सांभाळावे, असे वाटू लागते.

तेव्हा वाचकहो, मत देण्यापूर्वी मनाशी दोनच गोष्टी विचाराव्यात: हे मला कोठून कळले, आणि हे खोटे निघाले तर कोणाचे काय जाईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘ऐकले आहे’ असे आले, तर ‘म्हणे’ हा शब्द वाक्याच्या शेवटी परत आणून ठेवावा. त्याने आपली प्रतिष्ठा कमी होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘समोरच्याचे’ असे आले, तर मताबरोबर थोडी मेहनतही द्यावी. ज्याला आपण गोळ्या सोडण्याची गोष्ट सांगणार आहोत, त्याच्यासोबत आधी डॉक्टरांकडे जावे, रक्ततपासणीच्या रांगेत उभे राहावे, अहवाल त्याच्या शेजारी बसून ऐकावा. ज्याला इतका वेळ नाही, त्याने त्या घरी चहा घ्यावा, प्रकृतीची चौकशी करावी आणि औषधाचा विषय काढू नये.